सासूच्या पडद्यावरची नावं

सान्तियागो, ९ सप्टेंबर

आशीर्वाद द्या, माद्रिना.

उभ्या असाल तर आधी बसून घ्या. तुमच्या खुर्चीवर आता मी बसते. हो, तीच, डावा हात निखळलेली. तुम्ही निवृत्त होऊन कोन्स्तान्साच्या डोंगरात लसूण लावायला गेलात तेव्हापासून या खोलीत तीन साहेब बसून गेले, आणि कालपासून तुमची युदेल्का. दारावरची पाटी मात्र बदलली आहे. तुमच्या वेळी नुसतं 'कर्मचारी' होतं, आता 'मनुष्यबळ विभाग' आहे. बाप्तिस्म्याच्या दिवशी पाद्र्यासमोर धर्ममाता म्हणून मला हातात धरून तुम्ही म्हणाला होतात की ही पोर मोठी होईल. झाली.

ही बातमी फोनवर सांगितली असती, पण तुमचा फोन तुम्ही बिस्किटांच्या डब्यात बंद करून ठेवलाय असं कळलं. म्हणून हे पत्र नेनोच्या बसने पाठवते आहे. उत्तरही त्याच्याकडेच द्या.

आता खरी गोष्ट. आपला कारखाना डिजिटल होतोय. परदेशातल्या एका मोठ्या गिऱ्हाइकाला आपले बूट हवेत, पण अट अशी की प्रत्येक जोडी कोणत्या टेबलावर, कोणाच्या हातून शिवली गेली ते पडद्यावर दिसलं पाहिजे. डिसेंबरात त्यांची माणसं बघायला येणार. पसंत पडलं तर ऑर्डर आपली. नाही तर संध्याकाळची पाळी बंद. मालकांनी मला तोंडावर सांगितलं. त्या पाळीत शंभरावर बायका आहेत, माद्रिना, आणि त्यांना घरी पाठवायची पाकिटं माझ्याच हातून जातील.

पण तसं होणार नाही. राजधानीहून लिसांद्रो नावाचा इंजिनिअर आलाय. त्याने सिस्टीम बसवली. प्रत्येक टेबलावर एक छोटा पडदा, आणि शिलाई विभागाच्या भिंतीवर एक भलामोठा. कामाला बसताना आपल्या नावावर बोट ठेवायचं, उठताना पुन्हा ठेवायचं, की झालं. सुट्टी, पगारपत्रक, तक्रार, सगळं फोनवर. लोकांनी तिला लगेच नाव ठेवलं, 'ला सुएग्रा'. सासू. कधी आलीस, कधी गेलीस, मधे कितीदा उठलीस, सगळ्यावर डोळा.

लिसांद्रो म्हणतो की माणसांचं काम आता सिस्टीमच करेल, मनुष्यबळ विभागाला काम उरणार नाही. मी त्याला म्हटलं, बघू. मला इतका उत्साह आलाय की जेवण जात नाही.

तुमची,
युदेल्का

*

कोन्स्तान्सा, १६ सप्टेंबर

देव तुझं भलं करो, पोरी.

पत्र वाचलं. नेनोनेही वाचलं असावं, पाकीट दोनदा चिकटवलेलं दिसतंय. सोबत लसणाची वेणी पाठवते आहे, ती त्याने खाल्ली नसेल अशी आशा.

खुर्चीबद्दल अभिनंदन. तिचा डावा हात मी मुद्दाम दुरुस्त केला नव्हता. समोरचा माणूस खोटं बोलायला लागला की मी त्या हातावर टेकायची, तो कर्रकन वाजायचा आणि माणूस दचकून खरं बोलायचा. हे तुझ्या सिस्टीमला जमतं का ते विचार.

जेवत जा. उपाशीपोटीचा उत्साह डोक्यात जातो.

मला एवढंच कळत नाही की त्या पडद्यावर नावं कुठून येणार. ओळखपत्रावरून? अगं, त्या कारखान्यात स्वतःचं ओळखपत्रावरचं नाव फक्त पगाराच्या दिवशी आठवणारी माणसं आहेत. मी तिथे आयुष्य काढलं, तरी गुआंदुलचं खरं नाव मला सांगता येणार नाही. शाळेत असताना त्याने तुरीच्या दाण्यांची अख्खी कढई संपवली होती, तेव्हापासून तो गुआंदुल. त्याची बायकोही त्याला तेच म्हणते.

आणि एक विचारते. लोक तुला काय म्हणतात, ठाऊक आहे का?

तुझी माद्रिना,
ओर्फेलिना

*

सान्तियागो, ३० सप्टेंबर

आशीर्वाद द्या, माद्रिना.

लोक मला युदेल्का म्हणतात, दुसरं काय म्हणणार? पण बाकीचं तुमचं सगळं खरं निघालं, आणि ते इतकं गमतीदार आहे की लिहिताना हसू आवरत नाही.

शुभ दिवस म्हणून आम्ही मेर्सेदेस माउलीच्या सणानंतरची सकाळ धरली. मालक सूट घालून आले. लिसांद्रोने बटण दाबलं आणि भिंतीवर यादी झळकली, कोणी कोणत्या टेबलावर बसायचं. पूर्ण नावं, दोन्ही आडनावांसकट. आणि सगळा विभाग ढिम्म उभा. माना वर करून सगळे वाचताहेत, जसं काही कोणा परक्या गावची मतदारयादी लागलीय. बिएनवेनिदो दे हेसुस हा कोण, असं जो तो एकमेकांना विचारत होता. सगळ्यात मोठ्याने गुआंदुल विचारत होता. तो स्वतःच बिएनवेनिदो निघाला. मुकादमाने शेवटी यादीकडे पाठ केली आणि नेहमीच्या नावांनी हाका मारल्या, तेव्हा कुठे लोक बसले.

फोनवरचे संदेश तर कोणी उघडलेच नाहीत. 'माननीय सौ. अमुक तमुक' असं वाचलं की प्रत्येकीला वाटायचं, बँकेची माणसं मागे लागलीत. एका बाईने घाबरून फोन फ्रीजमध्ये ठेवला. 'आठवड्याचा उत्तम कामगार' म्हणून मतं घेतली, तर निवडून आला तो माणूस कोणालाच माहीत नव्हता. नाव छान वाटलं म्हणून सगळ्यांनी दिलं. तो गेल्या वर्षीच नोकरी सोडून गेलाय.

लिसांद्रोने कपाळावर हात मारला. (त्याचंही बारसं झालंय, 'वायफाय'. दिसतो सगळीकडे, लागत कुठेच नाही.) पण मला त्या गोंधळात वाट दिसली, माद्रिना. हे काम सिस्टीमचं नव्हेच, हे माझं आहे. माणसं जी नावं वापरतात तीच पडद्यावर टाकायची. मी मुकादमांना सांगितलंय, आपापल्या टेबलांवरची टोपणनावं भरून द्या. त्यांना सगळ्यांची माहीत असतात. ते खुशीत कामाला लागलेत, दोन-चार दिवसांत होईल. पुढच्या सोमवारी भिंतीवर गुआंदुल, मेयो, ला फ्लाका, सगळे आपापल्या नावाने. मालकही हसले आणि हो म्हणाले. मला तर कधी सोमवार येतो असं झालंय.

तुमची,
युदेल्का

*

कोन्स्तान्सा, ४ ऑक्टोबर

देव तुझं भलं करो.

युदेल्का, थांब. मुकादमांना भरू देऊ नकोस. टोपणनाव ज्याचं असतं त्याला विचारल्याशिवाय लिहू नये. का, ते सविस्तर नंतर सांगते, आधी थांब. नेनो उद्या पहाटे निघतोय, त्याला म्हटलंय की हे तुझ्या हातातच दे.

ओर्फेलिना

*

सान्तियागो, १४ ऑक्टोबर

आशीर्वाद द्या, माद्रिना.

तुमचं चार तारखेचं पत्र आज मिळालं. घाटात दरड कोसळली होती, नेनो आठवडाभर अडकला. शपथ घेऊन सांगत होता बिचारा. त्याचा दोष नाही.

सोमवार येऊन गेला.

सुरुवात तर एखाद्या जत्रेसारखी झाली. नावं झळकली आणि हशा पिकला. गुआंदुलने पडद्याला सलाम ठोकला. लोक एकमेकांना दाखवत होते, टाळ्या देत होते, मी तर हवेतच होते. आणि मग तिसऱ्या रांगेचं नाव आलं. हातभर उंचीची अक्षरं, सगळ्यात वर, कारण रांगेची प्रमुख तीच. 'ला कोहा'.

तुम्ही तिला ओळखता. लहानपणी पोलिओने एक पाय आखूड झाला, तेव्हापासून सगळं गाव तिला कोहा म्हणतं, लंगडी. ती 'ओ' देते, हसते, उलट चार शब्द सुनावते. मीही फाटकातून आत येताना 'काय कोहा, कशी आहेस' म्हणूनच जायची. मला खरंच वाटलं नाही, माद्रिना. ती पडद्याकडे बघत राहिली. मग तिने एप्रन काढला, घडी करून मशीनवर ठेवला आणि चालायला लागली. तिच्या पावलांचा तो आवाज, एक जड, एक हलकं. तिच्यामागे तिची रांग उठली. त्यांच्यामागे चौथी रांग. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या कामावर आल्या, कारण पोटाला लागतं. पण सासूच्या पडद्याला कोणी बोट लावत नाही, सकाळच्या पाळीत नाही आणि संध्याकाळच्याही नाही. कोहा घरीच आहे. बूट शिवून होतात, पण ते कोणाच्या हातचे ते पडद्यावर येत नाही. लिसांद्रो म्हणतो, नावं काढा आणि प्रत्येकाला नंबर द्या, भानगडच नको. मालक म्हणतात, महिनाअखेर बघतो, मग नंबर.

आणि अजून एक राहिलं. मुकादमांनी माझंही नाव भरलं होतं, अगदी खाली, ऑफिसच्या रांगेत. 'ला तिहेरा'. कात्री. गेल्या वर्षी नोकरकपातीची पाकिटं साहेबांच्या वतीने मी वाटली ना, तेव्हापासून. सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं, फक्त मला नाही. तुम्हाला ठाऊक होतं का?

युदेल्का

*

कोन्स्तान्सा, १८ ऑक्टोबर

देव तुझं भलं करो, पोरी.

हो, मला ठाऊक होतं. नेनोने सांगितलं होतं. तुझ्या आनंदावर पाणी कशाला ओतायचं म्हणून नुसतं विचारून सोडलं. आता रडून झालं असेल तर तोंड धू.

कात्री हे काही वाईट नाव नाही. दुसऱ्याने सांगितलेली कपात तू केलीस, आणि लोकांना हात दिसला तो तुझा. या खुर्चीचं भाडंच ते आहे. मला जर वाटलं असतं की तू कात्रीच आहेस, तर मी तुला लसूण पाठवला नसता.

कोहाच्या घरी जा. शनिवारी जा, ती सकाळी केस धुते आणि दुपारी अंगणात बसते. फोन नेऊ नकोस, कागद नेऊ नकोस, मिठाई तर मुळीच नेऊ नकोस, तिला वाटेल विकत घ्यायला आलीस. कॉफी देईल ती पी, कितीही गोड असली तरी. माफी एकदाच माग. दोनदा मागितलीस तर ती तुझंच सांत्वन करत बसेल, आणि ते तिचं काम नव्हे.

मग विचार, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बस. तुला गप्प बसणं जमत नाही हे मी बाप्तिस्म्यापासून बघतेय.

ओर्फेलिना

*

सान्तियागो, ८ नोव्हेंबर

आशीर्वाद द्या, माद्रिना.

गेले. रिकाम्या हाताने गेले. अंगणात प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्यावर तिने आधी मांजर बसवलं, मग मला. कॉफी इतकी गोड की चमचा उभा राहील. माफी एकदाच मागितली. ती केस विंचरत राहिली. मी गप्प बसले. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण बसले.

मग ती म्हणाली, "माझी बहीण मला कोहा म्हणते. नवरा म्हणायचा, देव त्याला शांती देवो. तूही म्हणतेस. मी कधी रागावले?"

मी म्हटलं, नाही.

"कारण तुम्हाला तोंड आहे आणि मलाही आहे. तू कोहा म्हटलंस तर मी तुला चार शब्द ऐकवीन, तू हसशील, मी हसेन, फिटलं. भिंतीला मी काय उलट बोलू, युदेल्का?"

माद्रिना, मी अभ्यासक्रम केलेत, प्रमाणपत्रं भिंतीला लावलीत. हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

मी विचारलं, मग भिंतीवर काय लिहू? ती कंगवा हातात धरून थांबली. म्हणाली, असं कधी कोणी विचारलं नाही, मला विचार करायला हवा, पुढच्या शनिवारी ये. मी पुढच्या शनिवारी गेले. अजून ठरलं नव्हतं. पण तोवर तिने शेजारणीला सांगितलं होतं, शेजारीण विचारत होती की मला का नाही विचारलं. तिच्या अंगणात बसले. तिथून तिसऱ्या घरी. माझ्या लक्षात आलं की आता थांबायचं नाही.

आता मी रोज जाते. गल्ल्यांमधून, दुकानांच्या पायऱ्यांवर, डॉमिनोच्या टेबलांशी. सगळ्यांना एकच प्रश्न, भिंतीवर तुला काय म्हणायचं? आणि काय काय निघतंय म्हणून सांगू. मेयो म्हणतो मेयोच ठेव, पण मेयो म्हणजे जुळा, आणि जुळा भाऊ वारला, तर त्याचंही नाव पुढे लाव. ला फ्लाका, म्हणजे काटकुळी, आता चांगली बाळसेदार झालीय, तरी हट्टाने तेच ठेवते, म्हणते आठवण असू दे. गुआंदुलने दोन दिवस घेतले आणि सांगितलं, गुआंदुल, पण पुढे मानाचं 'डॉन' लावून. डॉन गुआंदुल, म्हणजे गुआंदुलराव.

मालकांकडून मुदत वाढवून घेतली. मी त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, नंबर दिलेत तर लोक पडद्याला बोट लावणार नाहीत, लावलंच तर दुसऱ्याच्या नंबरावर लावतील, आणि गिऱ्हाइकाला ते पहिल्याच दिवशी कळेल. सिस्टीम पैशाने येते, तिच्यावर बोट ठेवणारा माणूस विचारूनच येतो, आणि ते विचारणं माझ्या विभागाचं काम आहे. बोलता बोलता खुर्चीच्या हातावर टेकले तर तो कर्रकन वाजला (खुर्ची मी सोबत नेली होती, त्यांच्याकडे बसायला जागा नसते). मालक दचकले आणि हो म्हणाले.

लिसांद्रो सुद्धा आता माझ्याबरोबर येतो. त्याला कॉफी आवडायला लागलीय. मी पाय दुखेपर्यंत चालते आणि आनंदाने झोपते.

तुमची,
युदेल्का

*

कोन्स्तान्सा, ११ नोव्हेंबर

देव तुझं भलं करो.

खुर्ची मालकांच्या खोलीत नेलीस हे वाचून मी एकटीच इतकी हसले की कोंबड्या पळाल्या. इथे थंडी पडलीय. सोबत स्ट्रॉबेरी पाठवते आहे, पोचेपर्यंत नेनोने ठेवल्या तेवढ्या तुझ्या.

कोहाचं ठरलं का ते कळव. मला झोप लागत नाहीये.

ओर्फेलिना

*

सान्तियागो, ६ डिसेंबर

आशीर्वाद द्या, माद्रिना, आणि या वेळी दुप्पट द्या.

ऑर्डर आपली. संध्याकाळची पाळी राहणार. पाकिटं छापलीच नाहीत. हे आधी लिहिते, नाहीतर तुम्ही शेवटचा कागद आधी वाचाल, मला माहितेय.

आता सगळं सांगते. गिऱ्हाइकाची माणसं मंगळवारी आली, एक बाई आणि दोन पुरुष, पांढरेशुभ्र बूट घातलेले. पाळी बदलायच्या वेळी आम्ही त्यांना शिलाई विभागात उभं केलं. कोहा आदल्या दिवशीच कामावर आली होती, पण काय लिहायचं ते तिने मला सांगितलं नव्हतं. म्हणाली, माझं मी लिहीन. लिसांद्रोने तिच्या टेबलावर तशी सोय करून दिली, दुसरं काही विचारलं नाही.

घंटा झाली. बायका बसल्या आणि एकेकीचं बोट पडद्यावर पडायला लागलं. भिंतीवर नावं उमटत गेली. मनातल्या मनात मी एकेक मोजत होते. तिसरी रांग रिकामीच. कोहा आपल्या टेबलाशी उभी, एका बोटाने अक्षरं शोधत टाइप करतेय, जीभ दाताखाली. ती परदेशी बाई घड्याळाकडे बघायला लागली. मालक माझ्याकडे बघायला लागले.

आणि मग ते आलं. मासिमिना देल कार्मेन पेराल्ता रोसारियो. एवढं लांब की एका ओळीत मावेना, पडदा ते सरकवत सरकवत दाखवायला लागला, एकदा, परत एकदा. पहिल्या यादीतही ते होतं, पण तेव्हा ते कोणाचं हे कोणालाच कळलं नव्हतं. अख्ख्या रांगेने ते मोठ्याने वाचलं, एकेक शब्द, शाळेतल्या मुलांसारखं. मासिमिना मान वर करून तोवर उभी राहिली जोवर ते तिसऱ्यांदा सरकून गेलं नाही. मग बसली आणि मशीन चालू केलं. शेजारचीने लगेच हाक मारली, "कोहा, कात्री दे गं." आणि कोहाने दिली. मला रडू आलं, माद्रिना, गिऱ्हाइकासमोर.

त्या बाईने एक बूट उचलला, पडदा बघितला, आणि थेट तिसऱ्या रांगेत जाऊन म्हणाली, मासिमिना? मासिमिना उठून उभी राहिली. तेवढ्यावर झालं सगळं.

आणि अजून एक. ऑफिसच्या रांगेतलं माझं नाव मी कोरं सोडलं होतं. मला वाटलं, कात्रीच्या जागी दुसरं काही लिहायचा मला काय हक्क. संध्याकाळी बघते तर भरलेलं. कोणी भरलं ते कोणी सांगत नाही, लिसांद्रो छताकडे बघतो. पण शेवटी प्रश्नचिन्ह आहे, म्हणजे माझी परवानगी मागितलीय. लिहिलंय, 'ला देल सेन्सो?' खानेसुमारीवाली. दारोदार नावं विचारत फिरले ना.

मी प्रश्नचिन्ह पुसलं.

आता तुमच्याकडे काम आहे. निवृत्त माणसांची वेगळी रांग करतेय, नाताळची टोपली आणि पेन्शनचे निरोप त्यातून जातील. मेणबत्ती लावून शपथ घेतलीय की विचारल्याशिवाय कोणाचं नाव लिहिणार नाही. तर माद्रिना, भिंतीवर तुम्हाला काय म्हणायचं?

तुमची,
खानेसुमारीवाली

*

कोन्स्तान्सा, १२ डिसेंबर

देव तुझं भलं करो, माझ्या पोरी, दुप्पट आणि वर एक मूठ.

तुझं पत्र मी अंगणात उभ्याने वाचलं. मासिमिना देल कार्मेन. मी तिला कामावर घेतलं होतं, तेव्हा नक्कीच हे नाव वाचलं असेल. लक्षात ठेवलं नाही.

तुझ्या प्रश्नावर मी दोन दिवस घालवले. त्या कारखान्यात माझ्यामागे मला 'ला मुला' म्हणत. खेचर. हट्टी, लाथा मारणारी आणि कोणाचं न ऐकणारी. तुला हे ठाऊक असणारच, सगळ्यांना होतं. मी दारातून आत आले की शब्द गिळले जायचे, आणि मी ऐकलंच नाही असं दाखवायची. इतकी वर्षं बहिरेपणाचं सोंग केलं, पोरी. घरी जाऊन आरशात बघायची.

पण विचार केला. डोंगरात राहायला आल्यापासून कळलंय, चिखलाच्या वाटेवर घोडा पडतो, बस पडते, दरडीत नेनो अडकतो. ओझं घेऊन वर पोचतं ते खेचर. मी शंभरदा मालकाशी भांडले आणि लोकांच्या नोकऱ्या वर नेल्या. काही वाटेत सांडल्या, त्यांनी शिव्या दिल्या असतील तर द्यायलाच हव्यात.

तेव्हा लिही, 'ला मुला'. मोठ्या अक्षरांत, आणि प्रश्नचिन्ह नको.

नाही, थांब, तू लिहू नकोस. बिस्किटांच्या डब्यातून फोन काढलाय, नेनोच्या पोरीने तो चार्जिंगला लावलाय. नाताळात येते, ते टाइप करायचं मला दाखव. माझं मी लिहीन.

ओर्फेलिना